शब्दाच्या पायातली खडाव

मित्रांनो, मी एक जुनी खडाव आहे, डाव्या पायाची. खडावा नेहमी जोडीने असतात, पण माझी उजवी जोडीदार आता या जगात नाही. ती कशी गेली आणि तिच्या जाण्याने एका साध्या माणसाच्या कपाळी कोणता शब्द आला, ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म केळझरचा. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बाभूळ होती, तिच्या बुंध्यातून नानाजी सुताराने आम्हा दोघींना काढले. साल असावे एकाहत्तर. आम्हाला घडवून घेणारा रूपराव त्याच गावचा. घरी शेती थोडी आणि भाऊ चार, म्हणून धाकट्या रूपरावने हिंगणघाटच्या एका कापडगिरणीत नोकरी धरली होती. त्याला मिळाले धुलाई खाते. तिथे कोऱ्या कापडाचा मळकट पिवळेपणा घालवून त्याला पांढरे करतात. फरशीवर सदा औषधाचे पाणी. त्या पाण्यात चामड्याची चप्पल आठ दिवसांत विरघळते आणि रबरी घसरते. टिकते ते फक्त लाकूड.

नानाजीने जुन्या रीतीप्रमाणे अंगठ्यासाठी खुंटी बसवायला घेतली, तेव्हा रूपराव हसला.

"नाई ना बाप्पा, मले काय साधू व्हाचं हाय? मले दिवसभर चालाचं हाय. पट्टा मार."

मग मोटारीच्या जुन्या टायरचा पट्टा आमच्या अंगावर ठोकला गेला आणि आम्ही गिरणीत गेलो.

मित्रांनो, ती गिरणी मी पहिल्यांदा पाहिली तो दिवस मी विसरलेली नाही. बाभूळ होते तेव्हा मी शेतातला कापूस पाहिला होता. बोंडातून डोकावणारा तो मऊ जीव मला ठाऊक होता. पण इथे तोच कापूस दोरासारखा पिळलेल्या कापडाचा अजगर होऊन छताजवळून धावत होता. एका हौदातून निघे, चिनी मातीच्या कड्यातून जाई, दोन जाड रुळांच्या मध्ये शिरे आणि पलीकडे पिळून पडे. वाफ इतकी की दहा हातांवरचा माणूस दिसू नये. त्या वाफेत सोळा माणसे दिवसभर उभी असत, आणि त्यांच्या पायांत आम्ही बत्तीस खडावा. पाळी सुटली की आमचा खटखटाट रस्त्यापर्यंत ऐकू जाई. लोक न पाहताच म्हणत, "धुलाईवाले सुटले."

पाच वर्षे आम्ही तिथे राबलो. खात्याचे मास्तर प्रभाकरराव होते. ते स्वतः कामगारातून वर आलेले. रूपरावच्या हातून गेलेल्या कापडावर ते कधी डाग शोधत नसत. एकदा तर सगळ्यांसमोर म्हणाले, "रूपरावचं कापड डोये मिटून पुढं जाऊ द्या." त्या दिवशी रूपराव घरी चालत गेला की तरंगत गेला, ते मला पायाखाली असूनही समजले नाही.

मग शहात्तर साल आले. देशात आणीबाणी होती. गिरणीच्या फाटकावर 'कमी बोला, जास्त काम करा' अशी पाटी लागली. वरून रोज निरोप येई, कापड वाढवा. धुण्याच्या मशिनीवर, रुळांच्या तोंडाशी, एक लोखंडी जाळी असे. कापडाला गाठ पडली की ती गाठ जाळीत अडके आणि मशीन थांबवावी लागे. एका सकाळी प्रभाकररावांनी पाना मागवला आणि जाळी काढायला लावली. बाजूच्या दातेरी चाकांवरचे झाकणही त्याच दिवशी गेले. कापड वाढले. कोणी काही बोलले नाही. बोलायचे नाही, असे पाटीवरच लिहिले होते.

फेब्रुवारीतली दुपार. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. रुळांच्या तोंडाशी तानबा उभा होता. तो खात्यात नवा होता, लग्न होऊन त्याला जेमतेम वर्ष झाले होते. कापडाला गाठ आली. ती सोडवायला त्याने हात घातला आणि ओल्या कापडाचा वेढा त्याच्या मनगटाला बसला.

तानबा ओरडला. कापड त्याला ओढत होते. त्याने दुसऱ्या हाताने लोखंडी खांब धरला, पाय रोवले, पण त्याच्या खडावा ओल्या फरशीवरून सरकू लागल्या. "बंद कर! अबे बंद कर!" चारी बाजूंनी ओरड झाली. मशिनीचे बटण मात्र जाड खांबाला वळसा घालून पलीकडच्या भिंतीवर होते.

रूपराव दोन हातांवर होता. त्याने एकदाच त्या भिंतीकडे पाहिले. मग तो वाकला, उजव्या पायातली खडाव काढली आणि फिरत्या दातेरी चाकांच्या मधोमध खुपसली.

कडाड आवाज झाला. चाकाचे दोन दात उडाले, मशिनीचा वरचा पट्टा सुटून भिंतीवर आपटला आणि मशीन जागच्या जागी उभी राहिली. पाच वर्षे जी माझ्याबरोबर पाऊल टाकत होती, तिच्या ढलप्या माझ्या अंगावर येऊन पडल्या. मला दुःख झाले का? मित्रांनो, खरे सांगते, त्या क्षणी मी फक्त थक्क झाले होते. वीतभर लाकडाने तो अजगर अडवला होता! रुळांनी तानबाची बोटे धरली होती, पण हात अजून त्याचाच होता.

माणसांनी रूळ उलटा फिरवून त्याला सोडवले आणि वर्ध्याच्या दवाखान्यात नेले. प्रभाकरराव धावत आले. त्यांनी मोडलेले चाक पाहिले, फरशीवरचे रक्त पाहिले, आणि मग जिथे जाळी असायला हवी होती तिथे पाहिले. त्यांची नजर तिथेच सर्वांत जास्त वेळ थांबली. मी खाली फरशीवर होते, म्हणून मला ते दिसले.

रूपराव एका पायात मला घालून आणि दुसरा पाय अनवाणी टाकत घरी गेला.

तिसऱ्या दिवशी गिरणीचे पत्र आले. कामावरून बंद. सोमवारी चौकशी. दुसरी खडाव घेऊन हजर राहा. पत्र इंग्रजीत होते. रूपराव मराठी चौथी शिकलेला. ज्याने पत्र आणून दिले त्या कारकुनाने एका शब्दावर बोट ठेवले आणि आवाज खाली आणून सांगितले, "हे सॅबोटर लिहिलंय. म्हणजे घातपाती. जपून राहा, चौकशीत सिद्ध झालं तर प्रकरण पोलिसांत जाईल."

घरात कोकिळा, रूपरावची बायको, भाकरी थापता थापता थांबली.

"घातपाती म्हंजे ते रेल्वेचे रूळ उखडनारे ना? रेडिओवर सांगते ते? तुमी काय उखडलं?"

"मी मशीन मोडली."

"तानबाले वाचवाले मोडली ना! खात्यातले चवदा जन काय डोये मिटून होते?"

रूपरावला कळले होते की त्या चौदा जणांनी कागदावर अंगठे दिले आहेत: 'आम्ही कापडाकडे पाहत होतो. काय झाले ते पाहिले नाही.' त्यांना दोष कसा द्यावा? दिवसच तसे होते. पण रस्त्यात तीच माणसे त्याला पाहून दुसऱ्या बाजूने जाऊ लागली, तेव्हा त्याला जेवण जाईना.

कोकिळाच म्हणाली, "चला, देवकीच्या बाईले पुसून येऊ." देवकी त्यांची मुलगी, सातवीत होती. तिला शिकवणाऱ्या प्रमोदिनीबाई शाळेजवळच राहत. रूपरावने मला पिशवीत घातले, कारण पत्रात माझाही उल्लेख होता, आणि नवराबायको त्यांच्या घरी गेले.

बाईंनी पत्र वाचून मराठीत सांगितले. रूपरावने मान हलवली.

"ते समजलं बाई. मले त्या एका शब्दाचं सांगा. त्याचा अर्थ नाई, तो आला कुठून ते. जो शब्द माह्या कपायी मारला, त्याचं गाव तरी मले मालूम पाह्यजे."

बाईंनी त्याच्याकडे नवलाने पाहिले. असा प्रश्न त्यांना कोणत्याच विद्यार्थिनीने कधी विचारला नसावा. त्यांनी कपाटातून शब्दकोश काढला, पाने उलटली, आणि त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. मग त्या हळूच म्हणाल्या, "रूपरावजी, पिशवीतली ती खडाव जरा वर ठेवता?"

मला टेबलावर ठेवले गेले. बाई एकदा पुस्तकाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होत्या.

"फ्रान्स नावाचा देश आहे. तिथे पूर्वी गरीब लोक, शेतकरी, मजूर, लाकडाची पादत्राणं घालत. चिखलात नि ओल्यात टिकावीत म्हणून. त्यांना तिथे साबो म्हणतात. हा शब्द त्या साबोवरून आला आहे. खडावेवरून."

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! केळझरच्या धुऱ्यावरची मी बाभूळ. आणि सातासमुद्रापार, मी कधी न पाहिलेल्या चिखलात, माझ्यासारख्याच लाकडाच्या बहिणी होत्या. त्यांच्या पायरवातून एक शब्द निघाला, बोटीत बसला, कोणकोणत्या कागदांवरून फिरला आणि शेवटी हिंगणघाटला येऊन एका खडाववाल्याच्याच दारात उभा राहिला. आभाळ किती मोठे आहे ते मला झाड असताना ठाऊक होते. माणसाची भाषाही तेवढीच मोठी आहे हे त्या दिवशी कळले.

पण बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कपाटातून शब्दांच्या गोष्टींचे आणखी एक लहान पुस्तक काढले होते. त्यात लिहिले होते की नव्या यंत्रांनी आपली रोजीरोटी जाईल या रागाने तिथल्या मजुरांनी पायातली साबो काढून यंत्रात फेकली, आणि तेव्हापासून नासधूस करणाऱ्याला हे नाव पडले.

रूपराव खाली पाहत म्हणाला, "म्हंजे साहेबानं बरोबरच लिहिलं बाई. मीबी तर खडावच टाकली."

"थांबा," बाई म्हणाल्या. "लहान पुस्तकाच्या भरवशावर मी तुम्हाला घरी जाऊ देणार नाही."

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर त्या एसटीने वर्ध्याला गेल्या. तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मोठे कोश होते, इतके जाड की उभे राहूनच वाचावे लागत. रविवारी त्या स्वतः रूपरावच्या घरी आल्या आणि पदराने घाम पुसत ओट्यावर बसल्या.

"मोठ्या कोशांत यंत्रात साबो फेकल्याची गोष्टच नाही. ती कोणी पाहिली, कुठल्या गिरणीत झाली, याचा पुरावा मला कुठेच सापडला नाही. तिथे एवढंच आहे की साबो घालून खटखट चालणं, त्यावरून धसमुसळेपणानं, गचाळ काम करणं. लाकडी जोडे घालणारा माणूस अवघडून चालतो, म्हणून त्याला हिणवायचा शब्द. नासधुशीचा अर्थ त्याला मागून चिकटला." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "आणि आपला घातपात बघा. घात म्हणजे नाश, पात म्हणजे पडणं. तुमच्यामुळे कोण पडलं?"

उत्तर कोकिळेने दिले. "कोनीच नाई. पडनारा वाचला."

सोमवारी गिरणीच्या कचेरीत टेबल मांडले होते. चौकशीसाठी नागपूरहून अच्युतराव नावाचे वकील आले होते. त्यांच्यासमोर कागदावर माझ्या जोडीदाराच्या ढलप्या होत्या. शेजारी मला ठेवले. प्रभाकरराव एका बाजूला उभे होते, आणि भिंतीला लागून ते चौदा जण.

अच्युतराव वाईट माणूस नव्हते. पण त्यांना आपल्या वाचनाचा आनंद होता. ढलपी उचलून ते हसत म्हणाले, "गंमत आहे. हा शब्दच लाकडी जोड्यावरून आला. फ्रान्समध्ये मजुरांनी असेच जोडे यंत्रात टाकले होते. आणि इथे तर जोडाच समोर आहे. आता आणखी काय पुरावा हवा?"

रूपराव एक पाऊल पुढे आला.

"साहेब, ते साबो. मले मालूम हाय."

अच्युतरावांचे हसू थांबले.

"आमच्या पोरीच्या बाई वर्ध्याले जाऊन मोठं पुस्तक पाहून आल्या. तुमच्या त्या गोष्टीले साक्षीदार नाई साहेब. माह्या गोष्टीले चवदा हायेत. थे उभे हायेत. थे भ्यायले हायेत म्हनून बोलत नाई, त्यायचा राग नाई मले. पन तुमी तरी एक डाव खाली चला. बटन कुठं हाय थे पाहा. चालून पाहा."

अच्युतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उठले.

सगळे खाली धुलाई खात्यात गेले. मलाही पुराव्याची वस्तू म्हणून एकाने हातात घेतले होते. दुरुस्त झालेली मशीन सुरू होती. ओल्या फरशीवर दुसऱ्याच पावलाला अच्युतरावांचा बूट सरकला. चौदांतले सगळ्यांत वयस्क अण्णाजी पुढे झाले आणि त्यांनी आपल्या पायातल्या खडावा काढून न बोलता त्यांच्यापुढे ठेवल्या. वकीलसाहेबांनी बूटमोजे काढले आणि त्या घातल्या.

रूपरावने एक लाल चिंधी मागितली. रुळांपासून जितक्या अंतरावर तानबाचे मनगट अडकले होते, तिथेच ती धावत्या कापडाच्या पिळात खोचायची होती. "मी उभा होतो तिथं उभे राहा साहेब. चिंधी खोचली की निघा. जाऊन बटन दाबा. हा तानबाचा हात समजा."

चिंधी खोचली गेली आणि अच्युतराव निघाले. खट, खट, खट. सवय नसलेला पाय, ओली फरशी. ते भराभर जाऊ पाहत होते आणि लाकूड त्यांना जाऊ देत नव्हते. खांबाला धरत त्यांनी वळसा घातला, एकदा तोल गेला, सावरले, पुन्हा खट खट करत भिंतीशी पोहोचले आणि बटण दाबले. मशीन थांबली.

"चिंधी कुठे आहे?" त्यांनी तिथूनच विचारले.

वाफेतून परत येत त्यांनी पुन्हा विचारले. तेव्हा अनवाणी उभ्या अण्णाजींनी रुळांच्या पलीकडे बोट दाखवले. चिंधी तिकडे कापडात पिळून, चपटी होऊन पडली होती.

"तिकडं हाय साहेब," अण्णाजी म्हणाले. "तुमी सहा पावलं गेले नसान, तेव्हाच गेली. आमी पाह्यलं. त्या दिवशीबी पाह्यलं होतं. माह्या अंगठ्याचा कागद वापस द्या मले."

"मलेबी," मागून कोणीतरी म्हणाले. मग आणखी एक. मग आणखी.

अच्युतराव त्या चपट्या चिंधीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचा हात मशिनीच्या तोंडाशी गेला. तिथे लोखंडात चार भोके होती, तेल आणि सुताच्या गोळ्यांनी बुजलेली.

"इथे काय होतं?"

प्रभाकरराव पुढे आले.

"जाळी होती साहेब. म्या काढवली. माल वाढवा म्हनून मांग लागले होते... पन हुकूम माह्याच तोंडचा होता."

मित्रांनो, मी त्या दिवशी खूप काही पाहिले. पण कागदावर लिहिलेला शब्द माणूस आपल्याच हाताने खोडतो, ते पाहणे सगळ्यांत मोठे होते. अच्युतरावांनी वर येऊन पेन उघडले आणि त्या पत्रातल्या एका शब्दावरून आडवी रेघ मारली. मग अहवाल लिहिला. रूपराव पुन्हा कामावर गेला. पाना घेऊन जाळी बसवायला प्रभाकरराव स्वतः आले, आणि शेवटचा बोल्ट आवळल्यावर त्यांनी रूपरावच्या खांद्यावर हात ठेवला. पुढे मशिनीच्या लांबीभर एक दोरी आली. कुठूनही ओढली की मशीन बंद. तानबा दोन बोटे गमावून परतला. पण त्याच हाताने त्याने पुढे आपल्या लेकीला खांद्यावर बसवून केळझरच्या गणपतीला नेले, हे मी रूपरावच्या तोंडून ऐकले आहे.

एकट्या खडावेचा चालायला उपयोग नसतो. प्रमोदिनीबाईंनी मला मागून घेतले. दरवर्षी सातवीच्या वर्गात त्या मला टेबलावर ठेवत आणि मुलींना विचारत, "सांगा, शब्द कुठून येतात?" मुली मला हातात घेऊन पाहत. ती माझी सुखाची वर्षे.

चौऱ्याऐंशीत बाई निवृत्त झाल्या. गिरणीतही नव्या मशिनी आल्या होत्या, कामगारांना रबरी बूट मिळाले होते, आणि धुलाईवाल्यांचा खटखटाट रस्त्यावरून कायमचा गेला होता. मी शाळेच्या कपाटात तळाला पडले. माझ्यावर फाटके नकाशे आले. टाचेला वाळवी लागली. दोन वर्षांनी नव्या शिक्षिकेने कपाट उपसले, तेव्हा मी केराच्या टोपलीत पोहोचलेच होते. पण बाईंनी माझी हकिकत लिहून पट्ट्याला बांधलेली चिठ्ठी तिच्या हाती लागली. तिने चौकशी केली आणि रूपरावला वर्गात बोलावले.

केस पांढरे झालेला रूपराव अंग चोरून खुर्चीवर बसला. एका मुलीने विचारले, "काका, तुम्हाला भीती नाही वाटली?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "वाटली ना बाई. पन भीतीले यायले वेळ लागते. थे आली तवापावतो हात आपलं काम करून बसला होता. खरी भीती त्या कागदाची वाटली. मशीन तर एका खडावेनं थांबते. शब्द थांबवाले किती मानसं लागली, पाहा."

रूपरावने मला उचलले, टाचेची वाळवी नखाने झाडली आणि खिडकीतल्या उन्हात ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याने जवसाचे तेल पाठवले. एका मुलीने ते मला लावले, अगदी हलक्या हाताने.

मित्रांनो, माझी फार मागणी नाही. जुन्या वस्तू टाकण्याआधी त्यांना बांधलेली चिठ्ठी वाचा. आणि शब्द तर आमच्याहूनही जुने असतात, किती पायांखालून आलेले असतात. तेही असेच हलक्या हाताने उचला, कारण जो शब्द तुम्ही ज्याच्यावर ठेवाल, त्याला तो खडावेसारखा पायात घालून घरी जायचे असते.